घरचा माणूस

"एकदा सायबाला इचारून घेतो," असं म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप खिशाकडं जायचा. खिशावर पक्षाचा बिल्ला असायचा. तो जागेवर आहे हे बोटांना कळलं की मगच पुढचं बोलणं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, बघा आठवून. सभेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी झटकणारा, अंथरणारा, आणि सभा सुरू झाली की चपलांपाशी जाऊन बसणारा. पुढं या म्हटलं तर म्हणायचे, "हितंच बरं हाय."

मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला आप्पा म्हणायचे, आम्ही लिंगायत म्हणून. माझं टेबल तहसिलीसमोर लिंबाखाली, टेबलावर टाइपरायटर, आणि लोकांचे अर्ज टाइप करून देणं हा धंदा. आमचं तालुक्याचं गाव पाथरीच्या रस्त्यावर, त्यामुळं एसटीची धूळ आधी माझ्या कागदांवर बसायची. मामा जिनिंगवर कामाला होते. पाळी संपली की भुवयांना कापूस तसाच, आणि सोबत कोणीतरी घेऊन हजर. कुणाचं रेशनकार्ड, कुणा म्हातारीचा निराधारचा पगार. स्वतःचा अर्ज मात्र त्यांनी कधी आणला नाही.

साहेब म्हणजे आमच्याकडचे पक्षाचे पुढारी. मामांनी पोरीच्या लग्नाची तारीखसुद्धा साहेबांना विचारून धरली. ऐन वेळी साहेब मुंबईला गेले, म्हणून मामांनी लग्न पुढं ढकललं. तरी साहेब आले नाहीतच. मी चिडवलं तर म्हणाले, "आहेर पाठवला की त्यांनी." पाठवला होता, ड्रायव्हरच्या हाती!

पण हसू नका. त्या निष्ठेला कारण होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत बौद्धांची घरं जळायला लागली, त्या साली मामांच्या वस्तीत चुली पेटत नव्हत्या. धूर दिसला की कोणी येईल, ही धास्ती. तेव्हा साहेबांनी आपली जीप गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली आणि दिवसभर तिच्यात बसून राहिले. आत कोणी शिरलं नाही. ते ऋण मामा फेडत होते, आणि फेडून संपेल असं त्यांना वाटतही नव्हतं.

पुढं वर्षानुवर्षं नामांतराचा विषय निघाला की वस्ती अस्वस्थ व्हायची. बायका दाराशी गाठोडं बांधून ठेवायच्या. रस्त्यावर मोर्चाचा आवाज आला की आधी पोरं घरात ओढायच्या आणि मग तो कोणाचा आहे ते बघायच्या. पोलिसांना कळवायचं तर फोन नगरपालिकेत, आणि तिथं तो उचलणारं आपलं कोणी नाही. म्हणून वस्तीला आपला मेंबर हवा होता, मिरवायला नव्हे. दर निवडणुकीला साहेब म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. मामा ते वस्तीला जसंच्या तसं सांगायचे.

मग ते पुढचं साल आलं. वस्ती वाढली होती. आता तिचा एक वॉर्ड पडला तर तिच्या मतांवर आपला माणूस बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याच दिवसांत नगरपालिकेची माणसं घरांवर आकडे टाकायला आली. मामांना वाटलं, साहेबांनी कबूल केलेल्या नळांची मोजणी आहे. झालं, मामांनी काळ्या रंगाचा डबा स्वतः हातात घेतला. पुढं होऊन एकेक दार पुसून दिलं, कुणाचं घर कुठून कुठवर ते सांगितलं. बायकांनी चहा केला. गल्लीच्या एका बाजूला घराच्या नंबराआधी चार लिहिला, समोरच्या बाजूला सात. मामांच्या दारावर चार, समोर राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या दारावर सात.

नगरपालिकेच्या फळ्यावर नवे वॉर्ड लागले तेव्हा कळलं की चार नंबर मोंढ्याला, व्यापाऱ्यांच्या पेठेला जोडलाय आणि सात नंबर पाटलांच्या आळीला. वस्ती मधोमध चिरली होती. दोन्हीकडं तिची मतं मोजक्या घरांएवढी उरली.

मामा साहेबांकडं धावले. परत आले ते हसतच. वस्तीतल्या विहिरीपाशी माणसं गोळा करून त्यांनी समजावलं, की घाबरू नका, आता दोन मेंबरांना आपल्या दारी यावं लागेल, आपलं वजन दुप्पट झालं. पोरं खवळली, पण म्हाताऱ्यांना पटलं. तिथंच त्यांची बायको उभी होती. चारचौघांत नवऱ्याला न बोलणारी बाई, पण म्हणाली, "दोन घरचं आवतन हाय म्हंता. पान कुठं मांडलंय त्येवढं सांगा."

त्या प्रश्नानं मामांची झोप उडाली. हरकत घ्यायची मुदत चालू होती. रोज जिनिंगवरून यायचे, माझ्या बाकड्यावर टेकायचे, लगेच उठायचे, तहसिलीच्या दारापर्यंत जायचे आणि माघारी. चहा मागवला तर गार होऊन जायचा. मी विचारलं, मामा, करू का टाइप? तर हात खिशाकडं, आणि ठरलेलं वाक्य. मला त्यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा. बिल्ला आणि गल्ली यांच्यामध्ये तो माणूस पार पिळून निघत होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी आले. कापूस न झटकता बसले.

"चढवा कागद," म्हणाले.

"साहेबांना विचारलं का?"

"इचारलं. म्हनून तर आलो."

मग हळूहळू सांगितलं. त्यांनी साहेबांना सरळ विचारलं होतं, की दोन वॉर्ड झाले तर झाले, पण यातल्या एकातून मला तिकीट द्याल का? साहेब हसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुला कशाला रे तिकीट? तू तर घरचा माणूस." मामा मला म्हणाले, "आप्पा, घरच्या मान्साला इतकी वर्सं दारातच बशिवलं की हो."

मजकूर टाइप झाला. नावाखाली काय लिहू विचारलं तर सवयीनं बोलून गेले, "पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता." मी टाइप केलं. त्यांनी कागद हातात घेतला, बघत राहिले, आणि परत दिला. "खोडा ते. वस्तीतला रहिवासी लिवा." मग सही केली.

सुनावणी परभणीला झाली. मी सोबत गेलो होतो. बिल्ला त्यांनी घरी ठेवला होता, तरी हात खिशाकडं जायचा आणि रिकामा परतायचा. साहेबांच्या माणसानं फार काही केलं नाही. एवढंच सांगितलं, की हरकत घेणाऱ्यानंच वस्तीत सभा घेऊन ही रचना लोकांना पटवून दिलीय, आणि आकडे टाकताना डबाही यानंच धरला होता. खरं की खोटं, असं विचारलं गेलं. मामा म्हणाले, "खरं हाय." हरकत फेटाळली. येताना एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले, पार गाव येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पक्षाची सतरंजी धुऊन, वाळवून, साहेबांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. मग रॉकेल आणि चिंध्या घेऊन गल्लीत फिरले. ज्या दारांवर आकडे टाकायला डबा धरला होता, ती सगळी दारं त्यांनी घासली. आकडे गेले, काळे डाग मात्र राहिले. वॉर्ड काही पुसले गेले नाहीत. वस्तीनं पोरांतले दोघं उभे केले, मामा दोघांसाठी पायपीट करत राहिले, आणि दोघंही पडले.

शेवटी नामांतर झालं ते बघायला मामा नव्हते. काही महिने आधीच गेले, छातीत कळ येऊन, जिनिंगवरच. वस्तीनं त्या दिवशी दिवे लावले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच येत राहिले.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, मामा जाऊन आठवडा झाला तेव्हाचं. मी मामींना भेटून बाहेर पडत होतो. दुपारची वेळ, माणसं कामावर, गल्ली सुनी. तोंडाशी जीप येऊन थांबली, त्या सालच्यासारखीच. या वेळी साहेब खाली उतरले आणि पहिल्यांदाच गल्लीत आले. दोन्हीकडची दारं बघत चालले, मध्येच थबकले. सगळ्या दारांवर सारखेच काळे डाग.

मला बघून त्यांना बरं वाटलं असावं. जवळ येऊन हळूच म्हणाले, "आप्पा, यातलं त्याचं घर कुठलं हो?"