झाकणाखालची कडा

पुट्टीमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. छत्तीस वर्षं एकच धंदा: ठोकलेल्या, चेपलेल्या, पलटी खाल्लेल्या गाड्या गॅरेजमध्ये यायच्या, मास्तर त्यांना पुट्टी भरायचे, घासायचे आणि रंग मारायचे. हात असा की जुनी गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक चारी बाजूंनी फिरून फिरून दमायचं आणि शेवटी विचारायचं, "हिला कधी काही लागलंय का हो?" मास्तर रुमालाने नाक पुसत म्हणायचे, "नजर लागेल, एवढंच." मालक खूश, गिऱ्हाईक खूश. खोटं बोलल्यासारखं मास्तरांना कधी वाटलं नाही, कारण बोलायचा तो मालक, आपण फक्त रंग मारायचा.

मग रंगाच्या वाफेने छाती धरली आणि गॅरेज सुटलं. घरी बसून खोकणं आणि बायकोची बोलणी खाणं, एवढी दोनच कामं उरली. बायकोच्या तोंडाला खळ नसे, पण तीन वर्षांपासून तिच्या बोलण्याला एकच विषय होता.

मुलगा रणगाड्याचा चालक होता. वाळवंटातल्या लढाईत त्याच्या रणगाड्याने पेट घेतला. वरच्या भागात बसलेले तिघं उड्या टाकून सुटले, मागच्या गाडीने त्यांना उचललं. चालक बसतो पुढे, एकटा, त्याचं झाकण वेगळं. धुरात पुढचं काही दिसलं नाही, एवढंच ते तिघं सांगू शकले. लगेच सगळ्यांना माघार घ्यावी लागली आणि ती जमीन पलीकडच्यांच्या हातात गेली. घरी जो कागद आला त्यावर 'बेपत्ता' असं लिहिलं होतं.

काही महिन्यांनी पलीकडच्या कुणीतरी काढलेला फोटो फिरत फिरत इथपर्यंत पोचला. जळून राखेच्या रंगाचा झालेला रणगाडा, बाजूला त्याचा नंबर वाचता येण्याइतका शाबूत, आणि पुढे चालकाचं झाकण सताड उघडं. बायकोने तो फोटो स्टुडिओत नेऊन वर्तमानपत्राच्या पानाएवढा करून आणला आणि समोरच्या भिंतीवर लावला. येईल त्याला ती तिथे उभं करायची. "आत मेला असता तर हे झाकण कुणी उघडलं? भुतानं? तो बाहेर पडलाय. कुठेतरी अडकलाय पोरगा माझा, कैदेत असेल, इस्पितळात असेल. येईल." ऐकणारा मान डोलावून चहा संपवायचा. पुढे पुढे लोक चहालाही थांबेनात.

घरात तिसरी होती सून. एकतीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. लग्नानंतर जेमतेम चौदा महिने संसार झाला होता. माहेरचे ये म्हणत होते, ती गेली नाही. सासूला रोज संध्याकाळी ती त्याच त्या गोष्टीत साथ द्यायची आणि मग आपल्या खोलीत जाऊन दिवा मालवायची. मास्तरांना हे दिसत होतं. काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून ते खोकायचे.

एके दिवशी बायकोने फर्मान काढलं, "अहो, आयुष्यभर लोकांच्या गाड्या केल्यात. आता लेकाची करा, फोटोत आहे तश्शी." सुनेने खेळण्यांच्या दुकानातून रणगाड्याच्या मॉडेलचा खोका आणला. पस्तिसात एक असं प्रमाण, चौकटींना चिकटलेले प्लास्टिकचे चारशेच्या वर तुकडे. मास्तर आधी फिस्सकन हसले. "या वयात बाहुल्या खेळायला लावता काय?" पण खोका उघडला आणि दोन दिवसांत त्यांना जेवायला हाका माराव्या लागायला लागल्या.

खिडकीशी टेबल आलं. सुनेने दुकानातून एक भिंग आणून दिलं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. मास्तरांनी चाकं जुळवली, पट्ट्याची एकेक कडी चिमट्याने बसवली, तोफेची नळी घासून सांधा नाहीसा केला. वर आधी करडा हात, मग वाळूचा रंग. तो बाटलीतला त्यांना पसंत पडेना. "वाळवंटात उन्हानं रंग उडतो, हा तर नवऱ्या मुलीसारखा आहे," म्हणत त्यांनी त्यात पांढरा मिसळला, थोडा पिवळा, पुन्हा पांढरा, आणि भिंतीवरच्या फोटोत जो एक कोपरा जळाला नव्हता त्याच्याशी लावून पाहिला. फटींमधून पातळ तपकिरी रंग सोडला. भांडी घासायच्या स्पंजचा कपटा तोडून, रंगात बुडवून, कागदावर टिपून मग कडांना नुसता टेकवला, तर बुटांनी रंग उडाल्यासारखे ओरखडे उठले. छत्तीस वर्षं ओरखडे बुजवले, आता ओरखडे काढत होते, आणि तेही मन लावून. खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मास्तर सुखात होते. आपण कशाचं मॉडेल करतोय हे ते कधी कधी तासन्‌तास विसरायचे, आणि आठवलं की स्वतःची लाज वाटायची.

एका रविवारी बायको बाहेर गेलेली असताना सून टेबलाशी येऊन बसली.

"बाबा, एक सांगायचंय. रागावू नका."

"बोल की."

"दुकानाच्या मालकांचे धाकटे भाऊ आहेत ना, लेन्स बसवणारे. त्यांची बायको गेली, पाच वर्षं झाली. त्यांनी मला विचारलंय."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण तुमचा मुलगा जिवंत असेल तर मी जाणार नाही. आणि नसेल तर... मला या घरात असं ना इकडची ना तिकडची नाही राहवत, बाबा. आई म्हणतात झाकण उघडं होतं. मी रोज बघते तो फोटो, मला नुसता काळा करडा धूर दिसतो. तुम्हाला रंगातलं कळतं. तुम्ही सांगाल ते मी मानेन. महिनाअखेरीला सांगते म्हटलंय मी त्यांना."

मास्तरांनी तिला आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. गाडी पुन्हा रंगवलीय की नाही, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दार उघडायचं, कडेचं रबर उचलायचं आणि त्याच्याखाली बघायचं. तिथे ना ऊन पोचतं, ना धूळ, ना आमचा फवारा. "झाकणाचंही तसंच असतं, पोरी. जळताना उघडं असेल तर सगळा धूर तिथूनच निघणार, कडा काळीकुट्ट होणार. अजून तिथपर्यंत आलो नाही मी. आलो की नीट बघतो आणि तुला सांगतो. रंगाच्या बाबतीत मी तुला खोटं सांगणार नाही."

ती उठली तेव्हा तिचा चेहरा हलका झाला होता. कुणीतरी आपलं ओझं धरलं, असा.

चार दिवसांनी मास्तर झाकणापर्यंत आले. फोटो भिंतीवरून उतरवून टेबलावर पसरला, भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांना ते दिसलं. पुढचा पत्रा काळा. झाकणाखालच्या भोकाच्या आतली बाजू काळी. आणि दोन्हींच्या मधे, भोकाभोवती, बोटाएवढ्या रुंदीची स्वच्छ वाळूच्या रंगाची गोल कडा. उघड्या झाकणाच्या आतल्या काठालाही तसाच स्वच्छ पट्टा. धूर तिथे पोचलाच नव्हता. रणगाडा जळून विझेपर्यंत झाकण घट्ट बंद होतं. ते उघडलं ते नंतर, कुणीतरी, बाहेरून.

मास्तरांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. इतके दिवस हा फोटो डोळ्यासमोर होता आणि आपण एकदाही रबर उचललं नाही. का उचललं नाही, तेही त्यांना त्याच क्षणी कळलं. बापाला बघायचं नव्हतं. ते रडले, पण फार वेळ रडता आलं नाही, कारण खोकला लागला.

मग त्यांनी सवयीने काम सुरू केलं. काजळीसाठी काळी भुकटी घेतली, पत्र्यावर चोळली, भोकाच्या आत चोळली, आणि तीन केसांच्या ब्रशने ती कडा वाळूच्या रंगात रेखली. इतकं बारीक काम त्यांनी गॅरेजमध्येही कधी केलं नव्हतं. सून आली की तिला भिंग द्यायचं आणि दाखवायचं, बोलावं लागणार नाही, असं त्यांनी ठरवलं. बायकोला कसं सांगायचं ते त्यांनी ठरवलं नाही.

पण आधी आली ती बायकोच. पदराला हात पुसत टेबलाशी वाकली. "अगंबाई, हुबेहूब! चाकांवर धूळसुद्धा बसवलीत." ती कौतुकाने बघत राहिली, बघत राहिली, आणि मग तिचं बोट झाकणापाशी थांबलं. "अहो, इथे राहिलं की."

"काय राहिलं?"

"रंग द्यायचा राहिला. सगळं काळं आणि हे एवढंच कोरं. म्हातारपणी डोळे गेले तुमचे."

तिने हसून त्यांच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत ती अशी हसली नव्हती. मास्तरांच्या ओठावर सगळं आलं होतं, एक वाक्य म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"हो," ते म्हणाले. "राहिलंय."

ती तिथेच उभी राहिली, पूर्ण झालेलं बघायला. मास्तरांनी काळी भुकटी घेतली आणि तिच्या देखत ती कडा भरून टाकली. मग झाकणाचा काठ. अर्धं मिनिटही लागलं नाही. सुनेला उद्या एकटीला गाठून सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि बायको स्वयंपाकघरात वळताच फोटो गुंडाळून कपाटात वर टाकला.

त्या दिवशी सून लवकर आली. बायकोने तिला चपलाही काढू दिल्या नाहीत, दारातूनच ओढत आणलं. "बघ, झालं पुरं!" सुनेने मॉडेल पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि भिंग उचललं. वाकली. चाकं नाही, तोफ नाही, सरळ झाकण. मास्तरांना आपल्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

"काळी आहे," ती म्हणाली. "बाबा, कडा काळी आहे." तिने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे तेव्हा उघडं होतं. फोटोत असंच दिसलं तुम्हाला?"

बायको दोघांच्या मधे उभी होती, कडेचं बिडेचं तिला काही माहीत नव्हतं. "मग? मी तीन वर्षं काय सांगतेय!"

"बाबा?"

"असंच दिसलं," मास्तर म्हणाले.

सून आपल्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं, पण पातळ प्लायवूडचं. फोनवरचं तिचं बोलणं मास्तरांना ऐकू आलं, थोडकंच होतं. ती मालकांच्या भावाला अहो म्हणत होती. रागावू नका, म्हणाली. दुसरी बघा, म्हणाली, आणि उद्यापासून दुकानात यायला जमणार नाही, असंही म्हणाली. मास्तर दाराशी जाऊन उभे राहिले. आत जायचं आणि सांगायचं, बायको ऐकते तर ऐकू दे, असं म्हणून त्यांनी दार ढकललं.

ती पलंगावर बसली होती. डोळे भरलेले, पण तोंडावर हसू. उठून ती त्यांच्या पाया पडली.

"थोडक्यात वाचवलंत, बाबा. तुम्ही बघितलं नसतंत तर मी गेले असते. आणि तो परत आला असता आणि मी इथे नसते."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांची काजळी तिच्या केसांना लागली, पण काळ्या केसांत ती कुणाला दिसणार नव्हती.