शुक्रवारी पसंत पडलेलं सॉफ्टवेअर

माझी एकुलती एक लेक नाशिकला बाळंत व्हायची होती, आणि मी मात्र भिवंडीत लोकांना वॉकर वाटत बसले होते. भरलेली बॅग दाराशी, डिंकाचे लाडू डब्यात आणि फोन कानाला. याला समाजसेवा म्हणतात म्हणे!

सासरे गेले तेव्हा त्यांचा वर-खाली होणारा पलंग मी शेजारच्या घरात वापरायला दिला, तिथून हे सुरू झालं. मग कोणी व्हीलचेअर आणून दिली, कोणी पाण्याची गादी. ज्याला गरज त्याने न्यावं आणि जसं नेलं तसं परत आणावं, एवढाच आमचा नियम. पण कोणती वस्तू कोणाकडे आहे ते फक्त माझ्या डोक्यात. मोबाइलवर ग्रुप काढून पाहिला, तर 'आजोबांना व्हीलचेअर हवी' हा निरोप शुभ सकाळच्या गुलाबांखाली गाडला जायचा. शेवटी लोक मलाच फोन करायचे. मी पदर खोचून सांगितलं, "ही सगळी देवाणघेवाण वेबसाइटवर न्या. नाहीतर मी वस्तूंना कुलूप लावून नाशिकला निघाले."

झालं, कमिटी बसली. कामतघरचे चाचा, त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. वडप्याचे काका, त्यांच्या जमिनीवर आता ओळीने गोदामं उभी आहेत. तिसरी मी, दोघांची 'ताई'. वस्तू आम्हा तिघांकडे वाटून ठेवलेल्या. आणि सॉफ्टवेअर दाखवायला माझी भाचेसून, कंप्युटरच्या नोकरीत असलेली, ठाण्याहून आली. बैठक शुक्रवारी चाचांच्या कारखान्यातच ठेवली, कारण त्या दिवशी लूमला सुट्टी असते आणि माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला अगदी नवरीसारखं, पण आत शिरायला ईमेल मागत होतं.

"माझा ईमेल मुलाकडे आहे," चाचा म्हणाले. "वो दम्माम में रहता है. सुट्टीवर आला की घेऊन येईल."

दुसऱ्यात मदत केली की नावापुढे चांदण्या मिळायच्या. काकांना ते फार आवडलं. "मना किती भेटतील?" त्यांनी विचारलं. अजून एक काठीसुद्धा दिली नव्हती, आणि हिशेब चांदण्यांचा! मी ते तिथल्या तिथे बाद केलं.

तिसरं साधं होतं. मराठी आणि उर्दू दोन्ही चालणारं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं आणि फुकट. फुकट म्हटल्यावर दोघेही सावध झाले.

"फुकाट कोन देतंय?" काका म्हणाले. "जमिनीवर डोला हाय त्याचा. आनि ही माहिती र्‍हानार कुठं?"

"सिंगापूरच्या सर्व्हरवर," भाचेसून म्हणाली.

"येवढ्या लांब कशाला? माझं गोदाम रिकामं हाय. थितं ठेव, भाडा न्हाय घेनार."

चाचांचा धंदा कापडाचा. नमुना हातात घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात सौदा केला नाही. "पहले सॅम्पल चलाके दिखाओ," म्हणून त्यांनी हुकूम सोडला. भाचेसुनेने आमच्या तिघांच्या फोनवर ते चालू केलं. मी एका कोपऱ्यातून वॉकर मागितला आणि दुसऱ्या कोपऱ्यात चाचांचा फोन टिंग वाजला. काकांनी पलंग मागितला, माझा वाजला. मग दोघांना चेवच आला. आमच्याकडे नसलेली ॲम्ब्युलन्ससुद्धा एकमेकांकडे मागून झाली.

मी एकच अट घातली: परतीची तारीख टाकल्याशिवाय वस्तूची नोंद होता कामा नये. लोक "बघू, बरं वाटलं की देऊ" म्हणतात आणि वॉकरवर टॉवेल वाळत घालतात. भाचेसुनेने तशी सोय केली. सौदा पक्का झाला, बिर्याणी झाली. मी आनंदाने रविवारची नाशिकची गाडी ठरवली.

शनिवारी लूम सुरू झाले आणि सॉफ्टवेअर मेलं.

म्हणजे ते टिंग वाजत होतं, पण ऐकणार कोण? कामतघरात कारखाना चालू असताना बापाला लेकाची हाक ऐकू येत नाही, तिथे या टिंगला कोण विचारतो! एका बाईंनी सासूबाईंसाठी सकाळी व्हीलचेअर मागितली होती. चेअर चाचांकडे, चाचा लूमपाशी, फोन खिशात. दुपारी त्या रडवेल्या होऊन माझ्या दारात. मीच रिक्षा करून चेअर पोचवली आणि रविवारची गाडी सोडून दिली. लेकीला फोन केला तर म्हणाली, "ये तुझ्या सवडीने." ते 'सवडीने' माझ्या काळजात रुतलं.

आणि दोन दिवसांनी बघते तर काय, चाचा आणि काका भाचेसुनेला कारखान्यात बोलावून म्हणतायत, "दुसरा सॉफ्टवेअर दिखाओ." पुन्हा पहिल्यापासून! माझं डोकंच फिरलं. मी तिथे जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. भरल्या कारखान्यात उभी राहून काय काय बोलले देव जाणे, पण खटाखट खटाखट चाललेल्या लूमपुढे एक अक्षर कोणाला ऐकू गेलं नाही. चाचा हसून मला चहा हवा का म्हणून खुणावत होते.

मग मी भिंतीवरचं बटण धरलं आणि दिवा बंद-चालू, बंद-चालू केला. चहा आला, जेवण आलं की चाचांच्या घरची माणसं असंच बोलावतात. सगळ्यांच्या माना वळल्या.

भाचेसून माझा हात धरून बाहेर घेऊन गेली. "आत्या, फोनची बत्तीपण अशी लुकलुकते. निरोप आला की लागेल असं करता येतं."

"मग शुक्रवारी काय झोपली होतीस?"

"शुक्रवारी ऐकू येत होतं ना!"

खरंच होतं ते. भिवंडीसाठी घ्यायचं सॉफ्टवेअर आम्ही भिवंडी बंद असताना तपासलं होतं. चाचांचा फोन लूमसमोर खिळ्याला टांगला, मागची बत्ती दिसेल असा. निरोप आला, बत्ती लुकलुकली, आणि चाचा वॉकर घेऊन धावले. मी त्याच संध्याकाळी नाशिक गाठलं.

नात झाली. गोरीपान, रागीट, माझ्यावर गेलेली. आणि माझा फोन गप्प. मी सारखी उचलून बघायची. शेवटी लेक म्हणाली, "आई, तो बिघडला नाहीये. तुझ्यावाचून त्यांचं चाललंय." अगं बाई! हेच तर हवं होतं मला, तरी जेवण गोड लागेना.

तेवढ्यात बत्ती लुकलुकली. वेबसाइटवर चाचांची मागणी होती. वस्तू: ताई. कारण: शुक्रवारी भांडायला कोणी नाही. खाली काकांनी लिहिलं होतं, 'नाशिकला दिल्येली हाय. परत कवा?'

मी काय वॉकर आहे? असा संताप आला, आणि पाठोपाठ भडभडून रडूच आलं. नातीला मांडीवर घेऊन लिहिलं, 'बघू, बाळ जरा मोठं झालं की.' नोंद होईना. लाल अक्षरांत आलं: परतीची तारीख टाका. लेक पोट धरून हसली आणि टाके दुखले म्हणून मलाच ओरडली. मग माझ्या हातातून फोन घेऊन तिनेच चांगली लांबची तारीख टाकली. मी अडवलं नाही.

चाचांचं उत्तर लगेच आलं: 'मंजूर. मगर ताई, जशी नेली तशी परत पाहिजे.'

ते काही आता जमणार नव्हतं. गेले तेव्हा मी आजी नव्हते.