शिकवायचा पंप

"कुणी दिलं हे हिला? कोण शहाणी आहे ती?"

डॉक्टर ओरडत होता. सरकारी दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. खाटेवर माझी धाकटी जाऊ कौसा, नाकाला ऑक्सिजनची नळी, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा डॉक्टरनं माझा दम्याचा पंप दोन बोटांत धरला होता.

"मी दिला," मी म्हणाले.

"ह्यात औषध नाही, बाई. हा शिकवायचा पंप आहे. डमी! चार महिने दोघींनी नुसती हवा ओढली?"

मागं शिकाऊ डॉक्टरांची फळी उभी. एकीनं तोंडावर वही धरली. एकजण हळूच बोलला, "हवावाली मावशी." वॉर्ड हसला. सलाईनवरची म्हातारी हसली, जिला बसायचीसुद्धा परवानगी नव्हती. डॉक्टरनं पंप कचऱ्याच्या डब्यात टाकला. कौसा हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मी थापाडी बाई. हे आधीच सांगून टाकते, पुढं दुसऱ्या कुणी सांगायला नको. आम्ही मेंढरांची माणसं. पैठणच्या अंगाला मी हाक घातली की जायकवाडीच्या पाण्यावर लाट उठायची. मग दुष्काळाची सालं लागली आणि लाट उठायलाही पाणी राहिलं नाही. मेंढरं विकली, शहराच्या कडेला मुकुंदवाडीत येऊन पडलो. शहर तेव्हा गाभण म्हशीसारखं फुगत चाललेलं. बिल्डिंगीला चिकटून बिल्डिंग. त्या बांधणाऱ्या माणसांच्या भाकरी मी आणि कौसा थापायचो. सरपण म्हणजे स्लॅबखालून काढलेल्या, तेल प्यालेल्या सेंट्रिंगच्या फळ्या. धूर असा, की पांढरी कोंबडी आत गेली तर काळी होऊन बाहेर यायची.

दोघींना खोकला लागला. दवाखान्यात विचारलं, "बिडी ओढता?"

"नाय."

"मग घरात कोण ओढतं?"

धुराचं कुणी विचारलं नाही. एवढी वर्षं माझ्या छातीत काय झालंय, ते कुणी मला सांगितलं नाही. कागदावर लिहायचे. कागदाला सांगायचे.

म्हणून ते शिबिर मला देवळासारखं वाटलं. मंगल कार्यालयात भरलेलं. एका संस्थेच्या मॅडम आलेल्या. गोड बाई, "मावशी, मावशी" करणारी. तिनं फुफ्फुसाचं चित्र लावलं. उलटं टांगलेलं बाभळीचं झाड जणू. म्हणाली, ह्या फांद्या आतून सुजतात, आकसतात. चुलीच्या धुरानंसुद्धा. बिडी न ओढता. मला भर सभेत रडू आलं. माझी चूक नव्हती, हे मला एका चित्रानं सांगितलं.

मग पंप. हलवायचा. श्वास सोडायचा. ओठ घट्ट. दाबायचा, ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. मी पहिल्या झटक्यात केलं. टाळ्या! नारळ, फोटो, आणि बक्षीस म्हणून तोच पंप माझ्या हातात. "आता तुम्हीच आमच्या शिक्षिका," मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं होतं. नीट विचारलं होतं. "ह्यात औषध हाय ना?"

"मावशी, आधी पद्धत पक्की करा. पद्धत महत्त्वाची." हे बोलताना त्या फोटोवाल्याकडं बघत होत्या.

मी हो समजले.

मग काय, वस्तीत माझा दवाखाना सुरू! मी सांगायची, एका दमात हर्सूलच्या तळ्याला फेरा मारून आले. वर पिशवीत आठ किलो जवारी होती. बायका तोंडात बोट घालायच्या. मी त्यांना हलवायला शिकवलं, ओढायला शिकवलं. कौसाकडं सरकारी दवाखान्याचा पंप होता, कॅप्सूल भरून ओढायचा. मी म्हणाले, "ठीव ते जुनं. माझा नवा हाय." तिनं ठेवला. मी सांगितलं म्हणून ठेवला.

पुढं पुढं तर दाबल्यावर फुस्सही व्हायचं नाही. मी म्हणाले, आवाज गेला तरी गुण राहतो. आणि खरं सांगते, इथं थाप नाही: मला बरं वाटायचं. खरंच वाटायचं. हसणाऱ्या वॉर्डापेक्षा त्याची लाज मला जास्त वाटते.

वॉर्डातून निघताना मी डब्यात हात घालून पंप काढून घेतला आणि मॅडमकडं गेले. त्यांनी पंप उलटा केला. बुडाशी मुंगीच्या डोक्याएवढी इंग्रजी अक्षरं.

"मावशी, त्याच्यावर लिहिलेलं आहे."

मी सातवी शिकले. मराठी.

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असेल. तुमच्या लक्षात राहिलं नसेल. असं होतं तुम्हा लोकांचं." मग आवाज गोड झाला. "शुक्रवारी मोठे पाहुणे यायचेत. तुम्ही बोला. तुम्ही छान बोलता. डमीचा विषय तेवढा नको."

शुक्रवारी मी गेले. माईक हातात घेतला. म्हणाले, "मॅडमनी आम्हाला सगळं शिकवलं. कसं हलवायचं, कसं ओढायचं, किती धरायचं. काय ओढायचं तेवढं दिलं नाय. माझी जाऊ मरता मरता राहिली. आता मी टाळ्यांसाठी बोलणार नाय."

माईक बंद झाला. मी बोलत राहिले. पण ती लाटा उठवणारी हाक धुरानं केव्हाच खाल्लेली. दुसऱ्या रांगेपुढं काही जाईना. तेव्हा पुढच्या बाईनं मागं वळून सांगितलं, तिनं आणखी मागच्या बाईला. माझंच बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलेलं मी ऐकलं. एकीनंही त्यात पदरचं काही घातलं नाही.

मॅडम कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला माणसांत आणलं, मावशी."

"मी माणसांतच होते. मेंढरांमागं होते तेव्हाबी."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर गेले. कौसाचं नाव सांगितलं. तिथल्या माणसानं ह्या खेपेला दाबायचा पंप सरकवला.

"ह्यावर काय लिहिलंय?"

"घ्या की. रांग केवढी आहे बघा."

"वाचा."

मागून शिव्या आल्या. मी हलले नाही. शेवटी तो वाचायला लागला आणि मी कागदावर पेन्सिलीनं मराठीत उतरवत गेले. आत कोणतं औषध. एका दाबात किती. कोणत्या महिन्यापर्यंत चालेल. आता माझं ठरलेलं आहे. वाचून दाखवल्याशिवाय मी काही तोंडाला लावणार नाही, दुसरीच्या तोंडाला तर नाहीच. रांग थांबली तर थांबू दे. मला अडाणी म्हणा, भांडखोर म्हणा. मी खिडकी सोडणार नाही.

कौसा घरी आल्यावर पंप तिच्यापुढं धरला.

"हा खरा हाय. ओढ."

तिनं हात पुढं केला नाही.

"आधी वाचून दाखीव," ती म्हणाली.