दिसणारा आवाज

रिसोडच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दर बाजाराला भाजी विकून झाली की एक माणूस यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आंधळ्या मुलीला धडे ऐकायला त्यानं जुना लॅपटॉप घेतला होता. कुणीतरी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून दिली आणि आवाजच गेला.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. पडद्यावर इंग्रजीत आलेली चूक तो लग्नपत्रिकेच्या मागे एकेक अक्षर चितारून आणायचा. मी इंटरनेटवर साउंड ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज चालवणाऱ्या प्रोग्रामचा, उपाय शोधून छापून द्यायचो. कागदाची घडी करून तो टोपीत ठेवायचा आणि घरी एकेक अक्षर जुळवून टाइप करायचा. पुढच्या बाजाराला नवी पत्रिका, नवी चूक.

परवा तो रिकाम्या हातानं आला.

"आता चूक येत नाई," तो म्हणाला.

"मग झालं की काम!"

"धडा लावला का पडद्यावरची पट्टी खालीवर होते. मले आवाज दिसून राह्यला, भाऊ. पन तिले आयकू येत नाई."

मी पुन्हा शोधलं. सापडलेला प्रत्येक उपाय आधीच छापून दिलेला होता. तसं त्याला सांगितलं.

तरी तो टोपी काढून कागदाची वाट पाहत उभाच होता.