लग्नाच्या भांड्यांतलं पाणी

साल एकोणीसशे ब्याऐंशी. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झालेली, पण ऐट मॅट्रिकच्या वरची. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला आमची बौद्धवाडी. वाडीचं एक मंडळ होतं आणि मंडळाच्या भांड्यांची किल्ली माझ्या करदोट्याला असायची. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलायचा, किल्ली कधी बदलली नाही.

मंडळ म्हणजे फार मोठं काही समजू नका. जयंतीला लावायचा बॅटरीवरचा कर्णा, लोखंडी खुर्च्या आणि लग्नाची भांडी. त्यात चार टोप तर असे, की एकेकात मी मांडी घालून बसलो असतो. मुंबईत गिरणीला असलेल्या आमच्या माणसांनी ती धाडलेली. नियम एकच होता आणि तो मीच केलेला: भांडी निघतील ती लग्नाला, नाहीतर पुण्यानुमोदनाला. म्हणजे माणूस एक तर लग्नाला उभा पाहिजे, नाहीतर मेलेला. मधल्या माणसाला भांडं नाही. मंडळाचे चिटणीस म्हणजे शाळेचे मास्तर. ते एकदा जयंतीच्या चहाला टोप मागायला आले, तर त्यांना मी घरचं पातेलं दिलं होतं.

त्या मे महिन्यात वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. चार घरं आडवी झाली. सरकारी दवाखान्याची नर्सबाई घाट चढून आली, विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘‘पाणी खराब आहे. औषधाची पावडर टाकायला हवी. तोवर उकळून प्या.’’

आता ही विहीर कोणाची, ते सांगतो. आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या विहिरीशी ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायलेलं. ही आम्ही मंडळानं तीन उन्हाळे खपून खणली. खडक फोडताना माझी डावी करंगळी गेली. ती अजून तळाशी असेल. सिमेंट उरलं थोडं, तर कठडा पुरा करायचा की मंडळाच्या नावाची फरशी बसवायची, असा प्रश्न आला. मी म्हटलं, फरशी. वरच्या अंगाचा कठडा राहिला तो राहिलाच. साथीच्या आधी वळवाची एक सर पडली आणि वरच्या शेतातलं शेणामुतासकट सगळं थेट विहिरीत उतरलं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी फरशीकडं बघत होतो.

‘‘बाई,’’ मी म्हटलं, ‘‘या पाण्यापायी माझं बोट गेलंय.’’

‘‘दादा, बोट गेलं म्हणून पाणी शुद्ध होत नाही.’’

बायाबापड्या हसल्या. मला ते लागलं. मी पोहरा वर ओढला, तांब्या भरला आणि फरशीवर उभा राहून सगळ्यांसमोर घटाघटा प्यालो. वर मिशी पुसली. ‘‘बघा, हाय का मी उभा? आमच्या हक्काच्या पाण्यात कोण पावडर टाकतो, तेच बघतो.’’

झालं. ज्या बाया कळश्या घेऊन घुटमळत होत्या, त्यांनी भरल्या. नर्सबाईनं पावडरीचं पुडकं मास्तरांकडं ठेवलं आणि जाताना मला एवढंच म्हणाली, ‘‘उद्या येते, दादा. भेटा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायच्या स्थितीत मी नव्हतो. टमरेल घेऊन पाचव्यांदा निघालो, तेही नेहमीची जागा सोडून लांब करवंदीच्या जाळीमागं, कोणी बघू नये म्हणून. तिथं आधीच मास्तर. त्यांच्याही हातात टमरेल.

‘‘इकडं कुठं?’’ मास्तर म्हणाले.

‘‘करवंदं बघायला.’’

‘‘टमरेलात?’’

मी पुढच्या जाळीमागं पळालो. बोलायला सवडही नव्हती.

घरी परतलो तर बायको दारात उभी. ‘‘काकीला जुलाब लागलेत. पार गळून गेलीय.’’

काकी म्हणजे माझी चुलती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी धावत तिच्या घरी गेलो. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. नर्सबाई उशाशी बसून चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होती. दाराशी मास्तर आणि मंडळाची माणसं.

‘‘कालपासून कच्चं पाणी प्यायलात, आजी?’’ नर्सबाईनं विचारलं.

‘‘ह्यो प्याला म्हणून मी प्याले,’’ काकी म्हणाली. ‘‘माझा पोरगा खोटं कशाला सांगंल?’’

मी खाली बघितलं. मास्तर घसा खाकरून म्हणाले, ‘‘घरोघरी उकळायचं म्हणजे कोणाकडं सरपण नाही, कोणाकडं भांडं नाही, आणि आडवे पडलेल्यांनी उकळायचं कसं? मंडळानंच उकळून घरपोच करावं. लग्नाचे टोप काढले तर…’’

‘‘नियम हाय,’’ मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

काकीनं डोळे उघडले. ‘‘मी मेले तर माझ्या पुण्यानुमोदनाला काढशील ना रे टोप?’’

‘‘असं बोलू नको, काकी.’’

‘‘काढशील का नाय?’’

‘‘काढीन.’’

‘‘मग आत्ताच काढ की. मी असताना मला काय ते मिळू दे.’’

कोणी हसलं नाही. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. ‘‘आणि तू किती वेळा गेलास?’’

खोटं बोलून कालची ऐट टिकवता आली असती. पण तिथं बाहेर बाया कळश्या घेऊन उभ्या, माझ्या भरवशावर विहिरीला निघालेल्या.

‘‘पाच,’’ मी म्हटलं. मग त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, ‘‘पाच वेळा गेलोय. विहिरीवर जाऊ नका.’’

करदोट्याची किल्ली सोडायला मला वेळ लागला. गाठ जुनी होती.

दुपारपर्यंत विहारापुढं चार चुली पेटल्या. लग्नाला भात शिजवणाऱ्या बायाच पाणी उकळायला बसल्या आणि सवयीनं ‘कमी पडलं तर?’ म्हणून भांडायला लागल्या. मास्तरांनी कर्ण्यावरून सांगितलं, कच्चं पाणी पिऊ नका. गडी पाणी निववून हंड्यांतून दारोदार घेऊन गेले आणि पंगतीत वाढावं तसं ओगराळ्यानं वाढू लागले. घ्या, अजून घ्या, लाजू नका. खुर्चीला दोन बांबू बांधून काकीला खाली रस्त्याला नेलं, तिथून महाडला. खुर्चीत बसल्यावर ती म्हणाली, ‘‘नवरदेव घोड्यावर जातो तशी चाललेय.’’ पण आवाज इतका बारीक, की पुढच्या गड्याला ऐकू गेला नाही. मी पाठीमागचा बांबू धरला होता. मला ऐकू आलं.

संध्याकाळी महाडहून परत आलेल्या माणसानं सांगितलं, सलाइन लागलंय आणि म्हातारी शिव्या देतेय. मी तेव्हा कुठं खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांकडून पुडकं मागून घेतलं. नर्सबाईनं सांगितलं तशी पावडर बादलीत कालवली, पावडरीतला चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी पोहऱ्यात घेतलं आणि माझ्या हातानं विहिरीत सोडलं. मग मंडळाच्या नावाची फरशी पहारीनं उचकटली आणि वरच्या अंगाला, जिथं कठडा नव्हता तिथं, आडवी उभी केली.