हौसाबाई, एवढंच घाला

शाहूपुरीतल्या भांड्यांच्या दुकानापुढून जाताना परवा माझे पाय आपोआप थांबले. आत कारागीर नव्याकोऱ्या घागरीवर नाव घालत होता. यंत्राची ती बारीक टर्रर्र कानी आली, आणि आईबरोबर अशाच एका दुकानात गेलेला दिवस लख्ख समोर उभा राहिला.

तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मीच. जगातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं वाटायचे ते दिवस. नावांचंच घ्या. वर्गात ‘पाटील’ अशी हाक आली की अर्धा बाक उठायचा. उरलेल्या बऱ्याच जणांनी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव केलेलं. जोतिबाच्या नवसाचा जोतिराम तर चार घरांआड एक. आमच्या गल्लीत दादासो, बाबासो, आप्पासो असे तिघे भाऊ होते. जन्मभर दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजणाऱ्या बापानं तिन्ही पोरांना पाळण्यातच ‘सो’ लावून साहेब करून टाकलं होतं. या सगळ्याचं मला भारी कौतुक. आईच्या नावाची गोष्ट विचारायचं काही सुचलं नव्हतं.

शाहूवाडीकडं मामानं नवं घर बांधलं होतं, त्याच्या वास्तुशांतीसाठी तांब्याची घागर घ्यायला आम्ही गेलो होतो.

“मावशी, नाव काय घालायचं?” दुकानदारानं विचारलं.

“सौ. सुनंदा...” मी सवयीनं सुरुवात केली. आईनं माझा दंड दाबला.

“हौसाबाई घाला.”

हौसाबाई म्हणजे माझी आजी, आईची सासू!

“आन् आडनाव?”

“नगं. हौसाबाई, एवढंच घाला. माझ्या भावाला कळतंय की, कुठली हौसा ती.”

कसबा बावड्याला घरी परतताना तिनं सांगितलं. चार भावांच्या पाठीवर झालेली हौसेची लेक, म्हणून हौसा. लग्न ठरलं आणि सासूचंही नाव तेच निघालं. आता आईच्या नावानं बायकोला हाक कोण मारणार? मग मांडवात ताटभर तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीनं त्यावर ‘सुनंदा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ भातात गेले. नाव तेवढं चिकटलं.

घरी वडिलांनी घागर फिरवून नाव मोठ्यानं वाचलं, आणि आजी हरखलीच. “माझं नाव घातलंस व्हय गं? गुणाची सून ती!” शेजारणीला दाखवायला ती घागर उचलून निघालीसुद्धा. मी आईकडं पाहिलं. एवढ्या वर्षांनी मागितलेलं नाव, तेही आता दारातून बाहेर चाललं होतं. ही गिळणार, असंच मला वाटलं.

“आत्ती,” आई सासूला म्हणाली, “ते माझं नाव हाय.”

आजी उंबऱ्यातच थबकली. घागरीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि बोळकं पसरून हसत सुटली. “व्हय की! तुझं बी हौसाच. इसरलोच की मी. मग आजवर तोंडाला काय कुलूप लावलंतं?”

“तुमीच लावलंतं की.”

वडिलांना एकाएकी बाहेरचं काम आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून आजीची हाक बदलली. “ए हौशे, च्या टाक!” चहा तोच, हुकूम तोच, पण स्वयंपाकघरातून “आलो की!” यायचं, ते चार भावांच्या लाडक्या बहिणीच्या आवाजात.

रेशनकार्डावर, आधारकार्डावर आई आजही सुनंदाच आहे. त्या सुनंदाबाईवर तिचा राग नाही; आम्हाला वाढवलं, शिकवलं ते तिनंच. आजी मात्र आता राहिली नाही. नाव कागदावर टिकतं असं मी समजत होते. पण हाक मारणारं माणूस गेलं की ते किती झटकन मुकं होतं! म्हणून परवा घरी पोचल्यावर मीच धीर केला आणि दारातून ओरडले, “ए हौशे!”

“आईला नावानं हाक मारतीस? हेच शिकलीस व्हय कॉलेजात?” आतून तोफ धडाडली. आणि मग, हसू दाबत, “आलो की!”