टेलरबाईंच्या जावेची कंबर

डॉक्टरांच्या आधी आपली टेप निदान करते, असा आमच्या टेलरबाईंचा दावा आहे. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावली की गोड बातमी त्यांना कळते. मग अभिनंदन करायचं सोडून त्या मापाच्या वहीत आकडा असा दाबून लिहितात, की पेन्सिलीचं टोक मोडतं.

बाईंच्या स्वतःच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात मूल नव्हतं. दोन वर्षं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात इंजेक्शनं चालली होती. प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ दोनदा आत ठेवला, दोन्ही वेळा रुजला नाही. हे नवऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या पोटाची टोचून टोचून चाळणी झालेली, आणि दिवसभर लोकांच्या वाढत्या कमरा मोजायच्या. बाई जळण्याच्या कामातही चोख. शेजारणीला जुळं झालं, तेव्हा दोघांवर वेगवेगळ्या जळल्या.

आधार एकच, धाकटी जाऊ. तिलाही सहा वर्षांत मूल नव्हतं. घरची मंडळी जमली की या दोघी कोपऱ्यात बसून, कोणाचं बाळ कोणासारखं कुरूप आहे, यावर दबक्या आवाजात चर्चा करायच्या.

एके दिवशी ही जाऊ ड्रेस सैल करायला घेऊन आली. टेप लावली, तर महिन्याभरात दोन इंच. वर हल्ली पोट जरा जड वाटतं, असं म्हणत तिने नजर चुकवली. फितूर झाली, बाई मनात म्हणाल्या. ड्रेस सैल करायचा सोडून त्यांनी तो उलट अर्धा इंच आत घेतला. तेवीस वर्षांच्या धंद्यातली जाणूनबुजून केलेली ही पहिली चूक. मग अबोला. जावेचा फोन वाजला की त्या मशीन जोरात चालवायच्या.

दोन महिन्यांनी तिसऱ्या खेपेसाठी बाई दवाखान्यात गेल्या. समोरच्या बाकावर जाऊ, तोच ड्रेस कसाबसा चढवून, श्वास रोखून बसलेली.

दोन इंच म्हणजे बाळ नव्हतं, बीजांडं वाढवायच्या इंजेक्शनांची सूज होती. स्वतःच्या पोटावर भोगलेली सूज बाईंना जावेच्या पोटावर ओळखता आली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं होतंत, ताई?"

बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मग राहवेना. "किती बीजांडं निघाली तुझी?"

"चौदा."

बाईंची सहाच निघाली होती. "चौदा," त्या म्हणाल्या. "प्रदर्शन मांडायचंय का?"

जाऊ हसली आणि बगलेतली शिलाई टर्रकन उसवली. ती हाताने झाकत तिने हळूच विचारलं, "ताई, माझं आधी राहिलं तर बोलाल ना माझ्याशी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "पंधरा दिवस नाही बोलणार," बाई म्हणाल्या. "दार वाजवलंस तरी उघडणार नाही. सोळाव्या दिवशी येईन."

"तुमचं आधी राहिलं तर मला महिना लागेल. मी धाकटी आहे."

महिना फार होतो, बाईंचं म्हणणं पडलं. घासाघीस होऊन दोघींसाठी तीन आठवडे ठरले. तेवढ्यात नर्सने हाक मारली. आधी धाकटीला.

बाईंनी तिची पर्स धरायला हात पुढे केला. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.